इंजनाचे चार पाय

त्या दिवशी होडीत कोण कोण व्हतं ते आदी सांगते, मंजी पुढं नाव आलं की घोटाळा व्हायचा न्हाय. माझा बाप, त्यास्नी आमी आबा म्हणायचो. माझी आई, मांडीवर मासळीची पाटी घिऊन. माझा थोरला भाऊ नामदेव, आमचा दादा. दादाची बायकू इंदू, माझी वैनी, लगीन हून आठ म्हयनं झालेली. राणूतात्या गवळी, दुधाच्या किटल्या घिऊन. आन् मी, सुभद्रा, तवा सतरा-अठराची, बिनलग्नाची. सा माणसं. त्यातली चार आता न्हाईत. मी हाय आन् वैनी हाय. मी हितं सोलापुरात लेकाकडं, ती तितं धरणाच्या काठाला तिच्या लेकाकडं. दोगींचं बी डोसकं पांढरं झालं. पर तिची आठवण निघाली की अजून माझ्या पोटात पयलं जळतं आन् मग दुखतं. त्याच क्रमानं. म्हणून ह्ये लिवाया बसले. मी चौथी शिकलेली बाई हाय, अक्षर वाकडं यील.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. आबा तितं पिठाच्या गिरणीचं इंजान चालवायचे. गिरणी बुडाली, माळावर पत्र्याचं घर मिळालं, आन् नदी व्हती तितं कोसभर रुंद पाणी झालं. हिकडची लेक तिकडं दिलेली, तिकडची जमीन हिकडं, माणसांनी जायाचं कसं? आबांनी कोकणातनं एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली. आतमदी डिझेलचं इंजान, वर डोलकाठी, तिला मळकं शीड. सगळी माळावरची लोकं बगाया आली. राणूतात्या म्हणाला, "लेका, समुद्रातली म्हस आणून डबक्यात बांदतूस व्हय?" आबा हासले न्हाईत. आमचे आबा हासायचे बी कमी आन् बोलायचे बी कमी. पर त्या म्हशीनं आमाला जगवलं. वारा आसला तर शीड, न्हायतर इंजान. केळी, दूद, लग्नाची वऱ्हाडं, आजारी म्हाताऱ्या, सगळं हिकडनं तिकडं जायाचं.

होडी पाण्यात टाकाया कोकणातला एक मिस्त्री संगं आला व्हता. आठ दिस ऱ्हायला आमच्यात. आईच्या हातचं हुलग्याचं माडगं त्याला गिळवत नव्हतं, मासळीचं कालवण मातूर तांब्या-तांब्या प्यायचा. मी तवा बारा-तेरा वर्साची. त्याला प्यायाला पाणी न्यायची आन् तितंच बसून ऱ्हायची. होडीच्या मधोमध तळातलं पाणी उपसायला एक फळीचं झाकण व्हतं. मिस्त्री मला म्हणाला, "पोरी, हे झाकण ओढ." होडी तवा काठावर दगडांवर ठिवलेली. मी लई ओढलं, झाकण काय हाललं न्हाय. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात ढकलली, रातभर पाण्यात ऱ्हायली, आन् सकाळी म्हणाला, "आता ओढ." एका बोटानं उघडलं की! मिस्त्री म्हणाला, "जमिनीवर होडीचं अंग आखडतं. पाण्यात सैल होतं. हे झाकण सुटल्याशिवाय इंजिनाचे पाय कुणाला आवळू देऊ नकोस." आबा त्या वक्ताला डिझेल आणाया गेले व्हते. दादा झोपला व्हता. ते बोलणं ऐकलं ते मी एकटीनं.

आमच्या घरात येळ इंजनाच्या आवाजावर कळायची. लांबनं टुक टुक आलं की आई चुलीत जाळ सारायची, आन् भाकरी थापायचा तिचा हात त्याच ठेक्यात पडायचा. आबा इंजनाजवळ बसलं की मी मागं बसायची. त्यास्नी काय बोलाया लागायचं न्हाय. नुसता हात मागं यायचा, पंजा उघडा. मी त्यात पाना ठिवायची. कुटला पाना पायजे ते मला त्यांच्या मानंवरनं कळायचं. पाच वर्सांत एकदा बी चुकीचा पाना दिला न्हाय मी. पर आबांनी मला पुढं कदी बोलवलं न्हाय. "ये, तू आवळ," आसं कदी म्हणलं न्हाय. मी वाट बगायची. मला वाटायचं, अजून मी लहान हाय म्हणून आसंल. आज न्हाय तर पुढच्या वर्सी.

मग वैनी आली. नातेपुत्याची. तिचा बाप पिठाच्या गिरण्यांची आन् मळ्यातली इंजनं दुरुस्त करायचा. घरात पाच पोरी, पोरगं न्हाय, म्हणून बापानं पोरींनाच हाताखाली घेतलेलं. काळीसावळी, बारीक, हाताची बोटं मातूर लांबच्या लांब. आई म्हणायची, "ह्या बोटांनी भाकरी कशी व्हायची?" भाकरी बी चांगली व्हायची, ते अजून वाईट. लगीन हून चार दिस झाले नसतील, आमी चुलीम्होरं बसलो व्हतो, लांबनं होडीचा आवाज आला. वैनी पीठ मळता मळता थांबली. म्हणली, "आत्याबाई, इंजान लंगडतंय की."

आई म्हणली, "इंजनाला काय पाय आस्त्यात व्हय, लंगडाया?"

"आस्त्यात की. चार. त्यातला एक बसलाय."

आबा आले, तर आईनं हासत हासत त्यास्नी सांगितलं. आबांनी ताट बाजूला सारलं, कंदील घेतला आन् होडीवर गेले. आले ते वैनीकडं बगून म्हणले, "मागचा डावा. रबर पार कुजलंय." आन् मग हासले. मी माझ्या बापाला हासताना बगितलं ते सुनंच्या बोलण्यावर. पाच वर्सं मी त्या इंजनामागं बसत व्हते, रोज तोच आवाज ऐकत व्हते, आन् मला ते लंगडणं ऐकू आलं न्हाय. त्या दिवशी मी जेवले न्हाय. डोसकं दुकतंय म्हणून सांगितलं.

त्या दिसापासनं माझं सुरू झालं. वैनी वाईट व्हती का? न्हाय. तसं आसतं तर मला सोपं गेलं आसतं. ती मला वन्सं वन्सं करायची, माझ्या येण्या घालायची, माह्यारनं आणलेल्या शेंगाचटणीतला मोठा वाटा मला द्यायची. मी ती चटणी खायाची आन् मनात म्हणायची, जास्ती तिखट केलीया. आबा बशीत च्या वतून अर्दा प्यायचे आन् अर्दा ठिवायचे, ती बशी आदी माझी आसायची. आता आबा म्हणायचे, "सूनबाईला दी, दिसभर राबलीया." येवडीशी बशी. आज हसाया येतं. पर आजबी सून माझ्या आदी दुसऱ्याला च्या दिती तवा मी बगतेच, कुणाच्या कपात किती वतला ते.

उन्हाळ्यात पाणी मागं हाटलं तवा होडी काठावर वडली. खाली दगडं लावली. इंजनाच्या चारी पायांखालची रबरं डिझेलनं लोण्यागत झाली व्हती. आबांनी ट्रकच्या जुन्या टायरीचं तुकडं कापून नवी केली. आता इंजान परत बशीवायचं, मिस्त्री गेल्यापासनं पयल्यांदाच. त्यातली मेख येवडीच, की इंजनाच्या तोंडाला एक लोखंडी थाळी आसती आन् होडी ढकलणारा पाण्यातला पंखा आसतो, त्याच्या दांड्याला दुसरी. दोनी थाळ्या तोंडाला तोंड लावून बोल्टानं आवळायच्या. त्या जरा जरी तिरप्या ऱ्हायल्या तर दांडा थरथरतो, बोल्ट झिजतो आन् तुटतो. मग चारी पायांचे नट वर-खाली करून, वर, खाली, डावी, उजवी, चारी बाजूंची फट सारखी करायची. फट मोजायला आबा दाढीचं पातं घालायचे. पर आबांची बोटं गिरणीत भाजून भाजून निबर झालेली, त्यास्नी पात्याचा अंदाज लागंना. दादाला दम न्हाय, तो म्हणायचा, "बसू द्या की आबा, फिरून फिरून जागा धरतंय आपोआप."

आबांनी हात मागं केला. मी चौदाचा पाना उचलला, म्होरं केला. तर आबा म्हणले, "पाना नको. सूनबाई, तू ये हिकडं. बोट लाव."

वैनीनं बांगड्या काढून पदरात बांदल्या आन् आबांच्या शेजारी, इंजनाच्या पुढं, जिथं मी पाच वर्सं बसायची वाट बगितली तितं जाऊन बसली. पातं घालायची, डोळं मिटायची, पातं काढायची. "मामा, वरनं सैल हाय. पुढचा उजवा अर्दा आटा खाली घ्या." आबा पान्यानं नट तेवडाच फेरा फिरवायचे. "आता खालनं धरतंय. पाव आटा वर." दोन दिस ह्ये चाललं व्हतं. सासरा-सून मांडीला मांडी लावून, डिझेलनं माखलेली, आन् मदीच काय तर बोलून हासायची. मी मागं बसले व्हते. कशावर? त्या झाकणावर. शेंगा सोलत, टरफलं टाकत, त्या झाकणावरच बसले व्हते. सकाळी मी ते वडून बगितलं व्हतं. घट्ट बसलेलं. लाथ मारली तरी हाललं न्हाय.

मला समदं म्हाईत व्हतं. ह्ये मी लपवत न्हाय. आबा आन् वैनी, दोगं बी गिरणीची माणसं. गिरणीचं इंजान सिमेटाच्या चौथऱ्यावर बसतं, चौथरा जागचा हालत न्हाय, एकदा लावलं की लावलं. त्यास्नी होडी बी चौथराच वाटली. होडीचं अंग बदलतं ह्ये त्यांच्या ध्यानातच नव्हतं. माझ्या व्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी म्हणली, "झालं मामा. चारी बाजू सारख्या." आबांनी थाळ्या आवळल्या. आबा भाकरी खायाला गेले तवा वैनी माझ्यापशी आली. हात काळं, कपाळावर काळं, तोंड आसं फुललेलं. खाली बसली आन् म्हणली, "वन्सं, एक इचारू का? मी गिरणीची पोर हाय, होडी मला नवी. तुमी हिच्यातच वाडलाव. आजून काय बगायचं ऱ्हायलं आसंल तर सांगा की."

मी शेंगातला दाणा तोंडात टाकला. म्हणले, "मला काय कळतंय बाई? मी पाने देणारी."

तिनं चिंधीला हात पुसले. मग उठली आन् गेली.

सांजंला धा-बारा गड्यांनी होडी पाण्यात ढकलली. सकाळी सगळ्यांच्या आदी मी होडीवर गेले. झाकणाला हात लावला. सुटलेलं. एका बोटानं वर आलं. मी ते परत खाली बशीवलं, आन् त्यावर आईची पाटी ठिवली. येळ व्हता तवा बी. आबा अजून तोंड धूत व्हते. नुसतं म्हणायचं व्हतं, "आबा, थाळ्या परत बगा." चार शब्द. ते चार शब्द माझ्या तोंडातनं आले न्हाईत. मला बुडवायचं नव्हतं कुणाला. येवडंच वाटत व्हतं की इंजान जरा थरथरू दे, आबांच्या कपाळाला आठी पडू दे, आन् आबांनी मागं वळून माझ्याकडं बगू दे.

निघालो. काठाजवळ ठीक व्हतं. मधल्या पाण्यात आलो तशी दुधाची किटली किटलीवर वाजाया लागली. राणूतात्या म्हणाला, "म्हशीला हीव भरलंय का रं?" आबांनी माझ्याकडं न्हाय, वैनीकडं बगितलं. वैनीचं तोंड उतरलं. म्हणली, "मामा, बंद करा, काय तर..." आन् खाडकन् आवाज झाला. बोल्ट तुटले. दांडा सुटून आपटला, आन् तो जितनं होडीच्या भाईर जातो तितनं पाणी आत येयाला लागलं. आबांनी इंजान बंद केलं. आई पाटीला मिठी मारून "आगं आई गं" करू लागली. दादा वैनीवर वरडला, "सांगत व्हतो, बाईचा हात लावू नका!"

वैनीनं पदर फाडला, खाली वाकली आन् दांड्याच्या भोकात चिंधी कोंबाया लागली. पाणी कमी झालं. आबा म्हणले, "नामा, सुबे, शीड लावा. वाऱ्यानं काठ गाठू." मी आन् दादानं दोर वडला. शीड वर गेलं, वारा भरला, होडी निघाली. आन् होडी निघाली तसा पाण्यानं पंखा फिराया लागला. पंख्यासंगं दांडा, दांड्यासंगं ती थाळी. वैनीचा हात तितंच व्हता.

तिनं आरडा केला न्हाय. नुसतं म्हणली, "वन्सं, शीड." मी दोर सोडला. शीड खाली पडलं. वैनीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची वरची पेरं गेली व्हती. ज्यांनी ती पातं चाचपायची तीच दोन. राणूतात्यानं त्याच्या धोतराचा सोगा बांदला, आन् मग दादा आन् त्यो वल्ही मारत काठाला आले.

सरकारी दवाखान्यातनं ती आली तवा अंगणात आबा बसले व्हते. वैनी त्यांच्या म्होरं हुबी ऱ्हायली, हाताला पांढरं गुंडाळलेलं, आन् म्हणली, "मामा, माझंच चुकलं. माझ्या बोटाला कळलं न्हाय." आई आतनं म्हणली, "बापानं पोर शिकवली आन् आमच्या गळ्यात मारली." मी चुलीम्होरं व्हते. भाकरी करपली, तरी तव्यावरनं काढली न्हाय.

चार दिसांनी आबांनी नवे बोल्ट आणले. होडीवर गेले, इंजनाम्होरं बसले, आन् हात मागं केला. मी पाना ठिवला. आबांनी पाना बाजूला ठिवला. म्हणले, "म्होरं ये, सुबे. बोट लाव."

ज्याच्यासाठी पाच वर्सं वाट बगितली व्हती ते आसं आलं. मी गेले. वैनीच्याच जागी बसले. म्हणले, "आबा, पाण्यात आसतानाच लावू." त्यांनी का म्हणून इचारलं न्हाय. मी पातं घातलं, तर वर सैल आन् खाली गच्च, पार तिरपं. वैनीनं जितं सोडलं व्हतं तितनं पाण्यानं सरकवलेलं. दीड आट्याचा फरक. मी आबांना सांगत गेले, आबा पाना फिरवत गेले. दिस मावळायच्या आत झालं. आबांनी इंजान चालू केलं आन् त्याच्यावर पाण्यानं भरलेला पेला ठिवला. पेल्यातलं पाणी हाललं न्हाय.

"कुटं शिकलीस?" आबा म्हणले.

"बगून बगून," मी म्हणले.

घरी आल्यावर आबांनी अर्दी बशी माझ्याकडं सारली. मी च्या प्याले. समदा प्याले. गोड लागला, खोटं कशाला बोलू? वैनी दारात हुबी व्हती. डाव्या हातानं तिनं माझ्या कपाळावरचं डिझेल पुसलं, आन् म्हणली, "बरं झालं वन्सं, तुमाला येतंय. माझ्या हातानं तर घर बुडलं आसतं."

तवा सांगायचं व्हतं. न्हाय सांगितलं. मग माझं लगीन झालं, मी हिकडं आले, साळंतल्या पोरांची खिचडी शिजवाया राबले, नवरा गेला, पोरं वाढवली. वैनीनं त्या दिसानंतर इंजनाला हात लावला न्हाय. परवाच्या वर्सी गेले व्हते, तर घरातल्या पाण्याच्या मोटरीचं बटन दाबायचं म्हणलं तरी ती सुनंला हाक मारती. म्हणती, "माझा हात नको बाई लागाया, माझा हात वंगाळ." चाळीस वर्सं झाली आसतील. चाळीस वर्सं ती आपल्या हाताला वंगाळ म्हणती.

गेल्या हिवाळ्यात नातू मला धरणावर लाल पक्षी दावाया घिऊन गेला. इंजनाची होडी व्हती. निघाल्या निघाल्या मला कळलं, लंगडतीया. चालवणारा तरणा गडी व्हता. मी म्हणले, "बाळा, थाळ्या काठावर लावल्यास व्हय? पाण्यात रातभर ऱ्हाऊ दी, मग परत लाव." त्यो व्हय म्हणाला. वळखीचा ना पाळखीचा, त्याला मी बसल्या बसल्या सांगितलं. जिला सांगायचं तिला सांगितलं न्हाय. पक्षी किती व्हते, कसे व्हते, मला काय दिसलं न्हाय.

वैनीला वाचाया येत न्हाय. तिला आता कमी ऐकू येतं, फोनवर बोललेलं कळत न्हाय, आन् तिच्या तोंडाम्होरं बसून सांगायचं बळ माझ्यात न्हाय. म्हणून ह्ये वाचणाऱ्याला माझं येक मागणं हाय. आमच्या घरातला कोण आसू दे न्हायतर भाईरचा. तिच्याकडं जावा. तिच्या उजव्या अंगाला बसा, त्या कानानं तिला बरं ऐकू येतं. आन् मोठ्यानं, सावकाश वाचून दावा, की इंदू वैनी, तुज्या चारी बाजू सारख्या व्हत्या. तुज्या बोटांना बरोबर कळलं व्हतं. होडी पाण्यात सैल हुती ते सुबीला म्हाईत व्हतं, आन् तू इचारलं तवा ती शेंगा खात गप बसली. येवडं वाचा. मग तिला मोटरीचं बटन दाबाया सांगा.